उजवा कौल

मॅच सुरू व्हायच्या आधी अंपायरला कोणी भेटायचं नसतं. हा नियम चिपळूणच्या शिकल्यासवरल्या पालकांना पाळता येत नाही, तर तळेकोंडच्या गंगाला कोण सांगणार? मी छातीवर पॅड बांधत होते. पाठीमागची पट्टी काही केल्या बसत नव्हती, आणि ही बाई सरळ मागे येऊन ती पट्टीच आवळायला लागली.

"बाई, आज माझ्या निशिगंधाचं बघा," ती म्हणाली.

"गंगाताई, मला कोणाचंच बघता येत नाही. मी पंच आहे."

"तसं नाय वो. नीट बघा, एवढंच. तिचा काका आलाय मुंबयवरनं. त्याच्या बायकोला बाळ झालंय, ते सांभाळायला हिला नेतोय. शाळा बंद. आज जिंकली तर हॉस्टेलात जाईल, मग कोण काय बोलणार नाय. नाय जिंकली तर सांजच्या गाडीनं गेली." आणि तिनं पट्टी एवढी ओढली की माझा श्वासच अडकला.

मला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर फार बरं झालं असतं. मी चिपळूणच्या एका शाळेत पी. टी. शिकवते आणि रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलींच्या बेसबॉल लीगमध्ये पंच म्हणून उभी राहते. यंदा देशावरच्या एका निवासी शाळेनं कबूल केलं होतं की लीग जिंकणाऱ्या संघातल्या दोन मुलींना ते बारावीपर्यंत ठेवून घेतील, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्यांचं. तळेकोंड जिंकलं तर त्या दोघींत निशिगंधाचं नाव पहिलं, याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. तिचा हात विटीदांडूवर बसलेला, आणि पळायला लागली की कुत्रीसुद्धा मागे पडत. हरलेल्या संघाला मात्र टाळ्यांपलीकडे काही मिळायचं नव्हतं. हा असला नियम कोणत्या शहाण्यानं केला ते मला विचारू नका. मुलींच्या जन्माचा निकाल चेंडूफळीवर लावायचा, आणि वर त्याला प्रोत्साहन म्हणायचं.

फायनल तळेकोंडातच होती, वाघजाईच्या देवळासमोर, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात. मधले बांध फोडून जमीन सपाट केली होती, तरी भाताचे खुंट पायाला टोचत होते. समोरचा संघ चिपळूणचा. त्यांचे कोच विनोद सर, आणि कॅचर शमिका म्हणून एक बारकीशी, गंभीर चेहऱ्याची मुलगी. कॅचर माझ्या पुढ्यातच बसते, त्यामुळे तास-दीड तास मला त्या मुलीच्या हेल्मेटखालून लोंबणारी वेणी तेवढी दिसत होती. पाणी प्यायचं असलं तरी ती माझी परवानगी घ्यायची.

शेवटच्या डावात शेवटच्या संधीला स्कोअर बरोबरीत होता. साखळीत चिपळूणचे गुण जास्त, त्यामुळे त्यांना बरोबरी पुरत होती. तळेकोंडला एक धाव हवीच होती. निशिगंधा दुसऱ्या बेसवर उभी होती. पुढच्या मुलीनं चेंडू उजवीकडे लांब मारला आणि निशिगंधा सुटली. तिसरा बेस तिनं न थांबता ओलांडला, आणि सगळं गाव उभं राहिलं. तिकडून चेंडू आला, अगदी सरळ आला. शमिकानं तो घेतला. निशिगंधानं स्वतःला तांबड्या मातीत झोकून दिलं, हात प्लेटकडे, म्हणजे जिला हात लागला की धाव पुरी होते त्या शेवटच्या पाटीकडे, पुढे करून. इतकी धूळ उडाली की बांधावरच्या कोणाला काही दिसलं नसणार.

मला दिसलं. मी दोन हात अंतरावर वाकून उभी होते. चेंडू धरलेला शमिकाचा ग्लोव्ह निशिगंधाच्या खांद्याला टेकला, म्हणजे टॅग झाला, तेव्हा निशिगंधाची बोटं प्लेटपासून वीतभर लांब होती.

पंचानं थांबायचं नसतं, दिसलं ते तिथल्या तिथे सांगायचं असतं. मी मूठ आवळून हात वर केला. "आऊट."

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. सगळं गाव मैदानात शिरलं. म्हाताऱ्यांनी, बायकांनी, ज्यांना आऊट म्हणजे काय हेही धड माहीत नाही त्यांनी मला घेरलं. निशिगंधा प्लेटवरच बसून राहिली होती, कोपर सोलवटलेलं, ती कोणाकडेच बघत नव्हती. तिचा काका बांधावर मोबाईल बघत उभा होता. त्याला घाई नव्हती. गाडी संध्याकाळची होती.

शेवटी सदूभाऊ पुढे आले. ते गावचे मानकरी, त्यांच्या शब्दाशिवाय तळेकोंडात पान हलत नाही. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "बाई, तुमी म्हणता आऊट. आमचा गाव म्हणतो नाय. आता भांडत बसायचं काय? समोर आई हाय. तिला विचारू. ती सांगल ते आमाला मान्य."

कौल लावायचा म्हणत होते ते. आमच्याकडे सोयरीक, जमिनीची हद्द, विहिरीची जागा, सगळं देवीला विचारतात. पण धाव झाली की नाही हे आजवर कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. मला वाटलं विनोद सर हसतील. ते हसले नाहीत. त्यांचं आजोळ इथलंच, पलीकडच्या वाडीतलं. ते खाली बघत म्हणाले, "देवीच्या शब्दापुढे आम्ही कोण? उजवा दिलान तर आम्ही हरलो. माझी हरकत नाही."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंचानं त्या वेळी काय म्हणायला हवं होतं हे पंचगिरी शिकायला आलेल्या पहिल्या दिवसाच्या पोरालाही सांगता येईल. मी म्हटलं, "चालेल."

का म्हटलं? कारण मी थकले होते, घाबरले होते, आणि खरं सांगायचं तर मला सुटायचं होतं. ती मुलगी आऊट होती आणि मला ती आऊट व्हायला नको होती. वाघजाईनं हे ओझं घेतलं तर माझ्या जिवाला लागणार नाही, असा सरळ हिशेब होता. सापही मरावा आणि काठीही मोडू नये.

देवळात गर्दी मावेना. धोंडू गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, पोरीचा हात आदी पोचला असंल तर उजवा दे, ग्लोज आदी लागला असंल तर डावा दे. तुझ्या दारात भांडाण नको." मग सगळे कळ्यांकडे बघू लागले.

कळ्या हलेनात. बायकांच्या रांगेत गंगा गुडघ्यांवर बसली होती आणि तिनं पदर तोंडात कोंबला होता. मी उपासतापास करणारी बाई नाही. मुलांना मी सांगते, सराव करा, नवस करू नका. आणि तीच मी खांबाला टेकून मनातल्या मनात देवीच्या हातापाया पडत होते. उजवा दे. काय हवं ते माग, पण उजवा दे. पोर जाईल गं तिकडे. भांडी घासत, दुसऱ्याचं मूल कडेवर घेऊन म्हातारी होईल. तुला काय कठीण आहे? एक कळी तर पाडायची.

उजवी कळी पडली.

घंटा वाजायला लागल्या. कोणीतरी निशिगंधाला उचललं. गंगानं उठून माझे दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. सुटले मी, एवढंच डोक्यात होतं. सदूभाऊ म्हणाले, "चला बाई, आता मैदानात जाऊन रीतसर हात पसरा. तुमी हात पसरल्याबिगर धाव व्हयाची नाय, एवढं आमालाबी कळतं."

सगळी वरात मैदानात परत आली. मी प्लेटमागे उभी राहिले. काम सोपं होतं, दोन्ही हात बाजूला पसरायचे आणि म्हणायचं, सेफ. हरणाऱ्यांची हरकत नव्हती, जिंकणाऱ्यांना आनंद होता, आणि देवीची सही होती. एवढा एकमुखी निर्णय मी आयुष्यात दिला नव्हता.

तेवढ्यात शमिका आली. तिनं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं, घामानं केस कपाळाला चिकटले होते. तिला कोणी पाठवलं नव्हतं. विनोद सर तर मागून तिला हाक मारत होते.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "आम्ही हरलो तरी चालेल. सरांनी सांगितलंय. पण मी टॅग आधी केला होता ना? मला तसं वाटलं होतं. की माझं चुकलं?"

मी तिच्याकडे बघितलं. हिला हॉस्टेल नको होतं, हिच्या बापाचं बाजारपेठेत दुकान आहे. हिला कप नको होता, भांडण नको होतं. स्वतःच्या हाताला जे कळलं ते खरं होतं की नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि ते सांगू शकणारं माणूस त्या शेतात मी एकटी होते. मी हात पसरले असते तर ही मुलगी पुन्हा कधी स्वतःच्या हातावर विश्वास ठेवणार होती?

माझे हात बाजूला जाईनात. मी मनात गंगाचं नाव घेतलं, निशिगंधाचं घेतलं, देवीचं घेतलं. काही उपयोग झाला नाही. मी मेलेच आतून. आणि मग माझी मूठ वर गेली.

"आऊट," मी म्हटलं. "तुझं चुकलं नव्हतं."

सदूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. "आईनं दिलान, नि तुमी काढून घेतलात," ते म्हणाले आणि देवळाकडे चालू लागले. त्यांच्यामागून एकेक करत सगळे गेले. विनोद सर माझ्यावर चिडले होते. "मॅडम, आम्ही सोडलं होतं की. तुम्हाला काय पडलं होतं एवढं?" जिंकलेला माणूस असा चिडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. शमिका आपलं सामान भरत होती.

मी पॅड सोडायला घेतला. पट्टी निघत नव्हती. गंगा आली तेव्हा मला वाटलं, आता ही मला मारणार, आणि मारलं असतं तर मी हात वर केला नसता. पण तिनं पुन्हा मागून पट्टी सोडवली. निशिगंधा तिच्याजवळ उभी होती, मातीनं माखलेली. काका गाडी गाठायला कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून वाट बघत होता.

"आऊट तर आऊट," गंगा म्हणाली. "तुमी पायलंत ते बोललात. तुमचा राग नाय. पण बाई, मग हिला तुमच्याकडं ठेवून घ्या. चिपळूणात शाळा हाय. घरातलं सगळं करील, सकाळी उठून पाणी भरील. तिच्या बापाला मी सांगीन, बाईंकडं हाय. बाईंचं नाव घेतलं तर काका काय बोलणार नाय. आता बोला. तो गाडी चालू करतोय."

एवढा वेळ आम्ही सगळे, गाव, कोच, गुरव, मी, एका वीतभर अंतरासाठी देवीपर्यंत गेलो होतो, आणि पोर ठेवायची कुठे हे कोणी विचारलंच नव्हतं. माझ्याकडे खोली आहे. माझा मुलगा वेद पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याच्या खोलीत आम्ही इस्त्रीचे कपडे आणि आमसुलांचे डबे ठेवतो. पलंग तसाच आहे. शाळा मी शिकवते तीच आहे.

आणि मला सासूबाई दिसल्या. कुणाची मुलगी, कुठल्या घरातली, आपल्या स्वयंपाकघरात वावरणार का, हे सगळं त्या पहिल्याच जेवणाला विचारणार. नवरा वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणणार, तू आणि तुझी समाजसेवा. वयात येणारी मुलगी, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मगाशी साक्षात देवीच्या कौलालाही न बधलेली मी आता सासूबाईंच्या विचारानंच मागे सरले. माझी मलाच शिसारी आली.

"घरी विचारून सांगते," मी म्हटलं.

"कवा?"

"उद्या. उद्या फोन करते, गंगाताई. नक्की."

गंगानं मान हलवली. ती समजली होती. पलीकडे मोटारसायकल सुरू झाली. काकानं हॉर्न दिला.

निशिगंधा मात्र हलली नाही. सोललेलं कोपर दुसऱ्या हातात धरून ती माझ्याकडे बघत होती, मॅच संपल्यापासून पहिल्यांदाच.

"बाई," ती म्हणाली, "पंचानं असं थांबायचं नसतं ना?"

तिनं ते कुचकटपणे विचारलं नव्हतं. वर्गात नियम विचारावा तसं विचारलं होतं, आणि मला उत्तर येत होतं.