लॉन्ड्रीमागची कर्दळ

आमच्या लॉन्ड्रीतलं साबणाचं पाणी मागच्या गल्लीत जायचं आणि गल्लीभर वास सुटायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली. आरोग्य निरीक्षक आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "पुढच्या खेपेला पाणी असंच दिसलं, तर लॉन्ड्रीला टाळं."

घरात सगळ्यांची तोंडं उतरली. मी मात्र हट्टाला पेटले. मागे खड्डा खणला, तळाला खडी टाकली आणि तळ्याकाठचं पाणकणीस अन् कर्दळ आणून लावली. लॉन्ड्रीचं पाणी त्यात सोडलं. दिवसभर ओल्यात उभं राहायचं आणि मुळांनी घाण गिळायची, हे या झाडांच्या अंगातच असतं. "लॉन्ड्री चालवतेस की डबकं?" असं सासरे रोज विचारायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पाणी हळूहळू निवळायला लागलं होतं.

आणि मग सासूबाईंनी घोळ घातला. काळं काही दिसलं की ब्लीच, एवढंच त्यांना जन्मभर ठाऊक. मुळांशी काळा चिखल दिसला आणि त्यांनी बादलीभर ब्लीच त्यात ओतलं! संध्याकाळपर्यंत पानं करपली.

"अहो आई, चादर होती का ती?" मी ओरडलेच. मग रडलेही, पोटभर.

सासूबाई बाह्या सरसावून स्वच्छ पाण्याच्या बादल्या ओतत राहिल्या. सासरे मुकाट्याने बादल्या भरून द्यायला लागले. मी करपलेली पानं बुडख्यापर्यंत छाटली. नवऱ्याने मशिनं बंद ठेवली, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. चिखलातले गड्डे मात्र चिवट निघाले. एका सकाळी कर्दळीचा कोंब वर आलेला दिसला आणि मी अशी किंचाळले, की नवरा दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला.

निरीक्षक पुन्हा आले तोवर खड्डा हिरवागार झाला होता आणि मशिनं धडधडत होती. ते तपासणीची बाटली काढत होते, तेवढ्यात सासूबाईंनी परीटघडीची एक पांढरी खोळ उचलली, खड्ड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुचकळली, पिळली आणि त्यांच्यासमोर धरली.

"दाखवा डाग."

निरीक्षकांनी खोळ उलटसुलट केली, हुंगली. बाटलीतलं पाणीही उजेडात धरून बघितलं.

"चालू ठेवा," ते म्हणाले.

भिंतीवरून शेजारी माना उंचावून बघत होते. सासूबाईंनी खोळ फाडकन झटकली.

"नीट बघून घ्या," त्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या सुनेनं केलंय हे!"