तेलाखालचा रंग

साताऱ्यात राजेश्वरी व्हिनाइलच्या बाहुल्या रंगवायची. तान्ह्या बाळासारख्या दिसणाऱ्या या बाहुल्यांचं डोकं, हात, पाय सुटे आणि कोरे यायचे. ती ते रंगवून, कापडी धडात कापूस भरून जोडायची. त्या हिवाळ्यात काम इतकं साचलं होतं, की मान वर करायचीही तिला सवड नव्हती. अशात खंडाळ्याकडच्या गावातून जोतीराम नावाचे निवृत्त हवालदार आपल्या आईला, चंद्राबाईंना, घेऊन आले.

चंद्राबाईंच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेली बाहुली होती. गालांवरचा रंग पोपडे धरून सुटला होता. जोतीरामांनी दबक्या आवाजात सांगितलं, की आईला काही आठवेनासं झाल्यावर त्यांनीच ही ऑनलाइन मागवली. आईनं तिचं नाव जोती ठेवलं आणि ती शांत झाली. आता पोराचं तोंड सोलवटलं म्हणून ती रात्रंदिवस रडत होती.

"बसा की पावणं," चंद्राबाई मुलाला म्हणाल्या. ते बसले.

राजेश्वरीनं बाहुली मागितली तशी म्हातारीनं ती पदराआड घेतली. समजूत घालायचं त्राण राजेश्वरीत नव्हतं. तिनं टबात कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश आणून ठेवला आणि बाळाला न्हाऊ घालायचं का, एवढंच विचारलं. चंद्राबाई लगेच खाली बसल्या. कानामागं, मानेच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात त्यांनी सावकाश चोळलं, पुसलं, मांडीवर थोपटलं. थोपटता थोपटता त्यांनाच डुलकी लागली.

मग राजेश्वरीनं बाहुली उचलली आणि डोकं सोडवलं. आतून मान अजून बुळबुळीत होती. साच्यातून भाग सुटावा म्हणून कारखान्यात लावतात ते तेल, कुणी धुतलंच नव्हतं. रंग त्या तेलावरच बसवला होता. वरून चंद्राबाई रोज सकाळी तेलानं मालिश करायच्या, असं जोतीरामांकडून कळलं. तिनं जोतीरामांना सांगितलं, की जुना रंग सगळा उतरवावा लागेल, भाग धुऊन आतबाहेर वाळवावे लागतील, मगच नवा रंग धरेल. आणि पुढं तेलाचा थेंबही चालणार नाही.

जोतीरामांनी डुलकी घेणाऱ्या आईकडं पाहिलं. "तेल लावल्याबिगर तिचा दिस उगवत न्हाई, ताई."

चंद्राबाई जाग्या झाल्यावर बाळाला कावीळ झालीय, दवाखान्यात ठेवलंय, असं सांगून जोतीरामांनी आईला नेलं. म्हातारी रिक्षातूनही मागं वळून बघत होती.

राजेश्वरीनं हातमोजे घालून ॲसिटोननं रंग पुसून काढला. वासानं डोकं भणभणलं. भाग पुन्हा धुतले, नाकपुड्यांत अडकलेलं पाणी कापसानं टिपलं आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवले. मग रंगाचा पाण्यासारखा पातळ हात, ओव्हनमध्ये भाजणं, थंड करणं, पुन्हा पातळ हात. एकच जाड हात दिला असता तर लवकर सुटका झाली असती. पण तो पुन्हा सोलवटला असता, आणि जोतीरामांचा फोन आला होता, की पोराविना आई उंबऱ्यावरून उठत नाही, जेवत नाही. राजेश्वरी पातळ हातच देत राहिली.

न्यायला मायलेक दोघं आले. चंद्राबाईंनी बाहुलीच्या गालावरून बोट फिरवलं. "सुकलं गं माझं पोर," म्हणाल्या आणि लगेच तेलाची वाटी मागितली.

राजेश्वरीनं जोतीरामांकडं पाहिलं. त्यांनी टोपी काढली आणि आईसमोर फरशीवर मांडी घातली.

"बाळ झोपलंय, मावशी," ते म्हणाले. "तवर माझ्या डोक्याला लावा."

राजेश्वरीनं खोबरेल आणून दिलं. चंद्राबाईंनी बाहुली शेजारी ठेवली, तळहातावर तेल घेतलं आणि त्या ते जोतीरामांच्या विरळ केसांत जिरवायला लागल्या.

"केस लय कोरडं झाल्यात. घरी कोण बघाया न्हाई व्हय?"

जोतीरामांनी डोळे मिटूनच मान हलवली.

उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. रंग शाबूत होता. सकाळी बाहुलीला कोरडं पुसायचं आणि तेल पाहुण्याला, असं आता घरात ठरून गेलं होतं. आईनं आपल्याला अजून ओळखलेलं नाही, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.