खाट क्रमांक चौदाचा पास

आई गेली मंगळवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. खाटेपाशी तेव्हा दोघं होती. मोठी मुलगी, जी लाँड्री चालवते, आणि धाकटा मुलगा, जो घरोघर फिरून विजेच्या मीटरची नोंद घेतो. डॉक्टरांनी घड्याळ बघून वेळ सांगितली, नर्सने लिहून घेतली. मृत्यूच्या दाखल्यावरही तीच वेळ आहे.

रुग्णालयाचं बिल तीन आठवड्यांनी आलं. त्यात त्या मंगळवारनंतरचे एकोणीस दिवस लावलेले होते.

चूक कुठे झाली ते बहिणीला लगेच कळलं, कारण ती तिचीच होती. पेशंटजवळ बसणाऱ्या नातेवाइकाला तिथे एक गुलाबी पास मिळतो. पेशंट गेला, घरी म्हणा किंवा कसंही, की पास बिलाच्या खिडकीवर जमा करायचा. मग कारकून खातं बंद करतो. तिने तो जमा केला नव्हता. आईचा चष्मा परत मिळाला नव्हता, आणि माल हातात आल्याशिवाय पावती सोडायची नाही हा तिच्या दुकानाचा नियम. कारकून म्हणाला होता, आधी पास. ती म्हणाली होती, आधी चष्मा. दोघंही हटली नाहीत.

भावाला यात विशेष काही वाटलं नाही. मीटर काढून घेतलं नाही तर बंद घरालाही बिल येतं, तसलाच प्रकार, असं त्याचं म्हणणं. बहिणीने कागद त्याच्यापुढे सरकवला. बंद घराला बिल येतं हे तिला मान्य होतं. पण पंखा किती वाजता लावला, ते त्यात येत नाही.

या बिलात येत होतं. पहिल्या आठवड्यात ऑक्सिजन. दुसऱ्यात ऑक्सिजन बंद, पातळ आहार. तिसऱ्यात मऊ आहार, बिनसाखरेचा चहा दोन वेळा, डाव्या गुडघ्याखाली जादा उशी. ही उशी आईला घरी लागायची. रुग्णालयात ती एकदाही शुद्धीवर आली नव्हती, त्यामुळे उशी मागायचा प्रश्नच आला नव्हता.

पुढे खातं वसुलीवाल्यांकडे गेलं. त्यांचा माणूस रोज अकराला फोन करायचा. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. आदल्या दिवसाची यादी वाचायचा आणि मान्य की अमान्य एवढंच विचारायचा. एकदा बहीण चिडली.

“अहो, मेलेलं माणूस चहा पितं का?”

“दोन वेळा, मॅडम. बिनसाखरेचा.”

तो चेष्टा करत नव्हता. पुढच्या ओळीवर गेला. चष्मा, डावी काच बदलली.

त्या दिवसापासून तिने अमान्य म्हणणं सोडलं. मान्यही म्हणत नव्हती. नुसती ऐकायची. फोनच्या वेळी इस्त्री बाजूला उभी करून ठेवायची आणि कामावरच्या दोघी बायकांना यंत्रं बंद करायला लावायची. ताईंचं लग्न जमतंय वाटतं फोनवर, असं त्यातली एक दुसरीला म्हणाली. नंतर त्यांनीही बोलणं बंद केलं.

भाऊ एकदा स्वतः जाऊन बघून आला. आई होती तो चौथा मजला रंगकामासाठी रिकामा केलाय, चिटपाखरू नाही, असं त्याने सांगितलं. खाटा भिंतीला उभ्या करून ठेवल्यात. एकच आडवी होती, खिडकीजवळ, तीही गादीशिवाय. नंबर बघितलास का, असं बहिणीने विचारलं. त्याने दुकानाच्या लाइटबिलाचा विषय काढला. दुसऱ्या दिवशीच्या यादीत होतं, विनंतीवरून खाट खिडकीजवळ हलवली.

मग नोटीस आली. आईला दाखल करताना बहिणीने तारण म्हणून लाँड्री लिहून दिली होती. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता गाडी येणार होती आणि दोन्ही धुलाईयंत्रं, ड्रायर आणि वाफेची इस्त्री घेऊन जाणार होती. उपाय सोपा होता, वसुलीवाल्यानेच सांगितला. पास जमा करा, मंगळवारनंतरचं सगळं चुकीची नोंद म्हणून रद्द होईल.

“ताई,” भाऊ म्हणाला, “तू तो पास का धरून बसलीयेस ते मला कळतं. पण बिल वाचून माणूस बरं होत नसतं.”

“हे होतंय.”

“मी खांदा दिलाय तिला.”

“मीपण तिथेच होते.” ती कपड्यांना चिठ्ठ्या लावत राहिली.

बुधवारी अकराला फोन आला. केस धुतले. आधाराने चाळीस पावलं. मग कागद उलटल्याचा आवाज आला आणि त्याने उद्याची आगाऊ नोंद वाचली. गुरुवार, दुपारी चार, चाकाची खुर्ची, तळमजल्यापर्यंत. सुट्टी.

गुरुवारी दोघं पावणेचारला खिडकीवर पोचली. कारकून तोच होता. त्याने खातं काढलं, मृत्यूचा दाखला बघितला, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. दाखल्यांचं खातं वेगळं, बिलांचं वेगळं, असं तो म्हणाला. पास दिला तर बाकी शून्य. नाही दिला तर चारला सुट्टीची नोंद पडणार आणि पूर्ण रक्कम आजच भरायची.

“आणि पास दिल्यावर, चार वाजता जे खाली येईल, त्याचं काय?” बहिणीने विचारलं.

“पास नाही म्हणजे न्यायला कोणी नाही. परत वर नेतात.”

“किती दिवस?”

“न्यायला कोणी येईपर्यंत.”

“मग उद्या मी नवा पास घेते.”

“पेशंट नोंदीवर नसताना पास कसा देणार, बाई?”

भावाने घड्याळ तिच्यासमोर धरलं. दुकानात दोघी बायका तिच्या भरवशावर उभ्या होत्या, आणि त्या दोघींच्या भरवशावर त्यांच्या घरची सात माणसं. तिने पर्समधून पास काढला, घडी उलगडली, हाताने सपाट केला आणि खिडकीतून आत सरकवला.

शिक्का पडला. बाकी शून्य असा कागद बाहेर आला, तेव्हा तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती.

खिडकीसमोर लिफ्ट होती. तिच्यावरचा लाल आकडा चारवरून तीनवर आला, मग दोन, एक, शून्य. दार उघडलं नाही. आतून चाकाचा ब्रेक सोडल्याचा खटका ऐकू आला, खाली काहीतरी फरशीवर जरासं पुढे सरकलं आणि थांबलं. आकडे वाचणं हे भावाचं रोजचं काम. त्यानेही त्या शून्यावरून नजर हलवली नाही.

“वर,” कारकून मान वर न करता म्हणाला.

एक. दोन. तीन. चार.

“चल, ताई. पाचच्या आत कागद दाखवायला हवा.” भावाने तिचा दंड धरला. ती निघाली, पण तोंड लिफ्टकडेच ठेवून, उलट्या पावलांनी, थेट रस्त्यापर्यंत.