उन्हात वाळलेली बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. थांबा, लगेच बसू नका. कोण तुम्ही? कुठले? खिशात काय आहे? रागावू नका. पूर्वी मी असं कुणाला विचारत नसे. आमच्या डोंगरात पाहुणा आला की आधी त्याला बसवायचं, चहा-रोटी द्यायची आणि मग वाटलं तर नाव विचारायचं, अशी रीत होती. ती रीत मोडली. कशी मोडली ते ऐका.

माझे पाय तुतीच्या लाकडाचे आणि वीण रानखजुरीच्या पानांच्या दोरीची. मला विणलं ते बादाम गुलने. पलीकडच्या खोऱ्यातला हा म्हातारा खांद्यावर दोरीची भेंडोळी टाकून गावोगाव फिरे आणि सैल झालेल्या बाजा ताणून देई. मी ख्यालमीरच्या हुजऱ्यात होते. हुजरा म्हणजे गावातल्या पुरुषांची बसण्या-उठण्याची जागा. माझ्यावर वाटसरू घोरले, नवरदेव ऐटीत बसले, म्हाताऱ्यांनी गप्पा छाटल्या. ख्यालमीरचा धाकटा भाऊ पायंद तर माझ्यावरून उठायचं नावच घेत नसे. त्याची आई म्हणे, "अरे उठ मेल्या, मुळं फुटतील तुला त्या बाजेत!" तिला सगळा गाव अदे म्हणायचा. अदे म्हणजे आमच्याकडची आई.

मग आभाळात भुंगा आला. मुलांनीच त्याला हे नाव दिलं. परक्या देशाचं बिनमाणसाचं विमान होतं ते. दिवसभर डोक्यावर गुणगुणत राहायचं. कुणीतरी सात समुद्रांपलीकडे बसून आमची अंगणं न्याहाळतो, असं लोक सांगत. गावात अशीही कुजबूज होती की फितूर माणूस एक बारीकशी चकती घरात टाकून जातो आणि भुंगा तिचा माग काढत येतो. ती चकती कुणीच पाहिली नव्हती. तरी पाहुण्याची पाठ वळली की लोक माझ्या विणीत बोटं घालून चाचपू लागले. मीही काही खुपलं की दचकायची.

त्या वर्षी बादाम गुलने माझी जीर्ण वीण काढली. दोरी भिजवून नवी, घट्ट वीण घातली. जाताना म्हणाला, "अदे, ओली आहे ही. अंगणात ठेवू नका, घरात सावलीत वाळू द्या." म्हणून मला अदेच्या ओसरीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या पाण्याच्या भांडणावर हुजऱ्याच्या अंगणात जिरगा, म्हणजे गावपंचायत, बसला. दोन्ही घरची माणसं आणि पंच गावभरच्या बाजा मांडून गोल करून बसले. त्यात पायंदही होता. वरून पाहणाऱ्याला त्यात काय दिसलं, ते अल्लालाच ठाऊक. आधी ओसरीच्या छताची माती माझ्यावर कोसळली आणि हुजऱ्यावरच्या स्फोटाचा आवाज मागाहून आला.

पायंद बराच वेळ हाका मारत होता. मदतीला धावणाऱ्यांवर दुसरा मार पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं भिंतीआड थिजून उभी राहिली. अदे तेवढी धावली. ती पोचली तेव्हा हाका थांबल्या होत्या.

गावात धड अशी मी एकटीच बाज उरले होते. एकेकाला माझ्यावरूनच कबरस्तानात नेलं. माझी वीण अजून ओलीच होती. रेडिओवर सांगितलं की संशयित मारले गेले. पायंदवर संशय कसला, ते कुणी सांगितलं नाही. मला आजही त्याचा संताप येतो.

दुःख ओसरायच्या आत संशय माझ्यापर्यंत आला. ख्यालमीर म्हणाला, "सगळ्या बाजा गेल्या आणि हीच बरी वाचली! म्हाताऱ्याला आधीच ठाऊक होतं. चकती टाकली हुजऱ्यात आणि स्वतःची मेहनत तेवढी वाचवली." त्यांनी माझी वीण टराटरा उसवली. काहीच सापडलं नाही. तर म्हणे, "सापडत नाही म्हणजे काढून नेली!" आता बोला.

बर्फ वितळल्यावर बादाम गुल आला, अदेचं सांत्वन करायला. त्याला लांबून पाहताच ख्यालमीरने खुंटीवरची बंदूक काढली.

"या, या, बादाम काका. हल्ली कुणाचं मीठ खाता?"

"तुझ्याच घरचं, पोरा."

"मग ही बाजच घरात का न्यायला लावलीत?"

"ओली होती. ओली दोरी उन्हात एका अंगाने आधी आखडते आणि बाज पिळवटते. विचार कुणालाही."

"कुणाला विचारू? विचारण्यासारखे सगळे त्याच दिवशी गेले!"

अदे बाहेर आली. "बंदूक खाली कर," ती मुलाला म्हणाली. मग म्हाताऱ्याकडे वळली. "माझी बाज विणून द्या, काका. पण या वेळी सावली नाही. हुजरा होता तिथे, उघड्यावर ठेवायची. आणि वाळेपर्यंत तिच्यावर तुम्ही बसायचं."

भुंगा वर गुणगुणत होता. म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलं. "बसतो," तो म्हणाला.

त्याने मला विणलं आणि त्या भकास मोकळ्या जागेत माझ्यावर मांडी घातली. सगळा गाव भिंतीआडून डोळे लावून होता. तो घाबरून उठतो का, कुणाला खूण करतो का, हे मीही टिपत होते. तो पुन्हा पुन्हा वर पाहत होता, पण उठला नाही. ऊन चढलं तशी माझी दोरी आखडू लागली. चौकट करकरली. आणि माझा एक पाय हळूहळू जमिनीवरून उचलला गेला.

अदे चालत आली. तिने वाकून त्या पायाखालून हात फिरवला. हात आरपार गेला.

"खरं बोललात," ती म्हणाली. तिला रडू फुटलं आणि ती माझ्या पायगतीला बसली.

"अदे, उठा. वरून आता दोघं दिसतोय आपण."

"दिसू देत मेल्याला. दोघांचा काही जिरगा होत नाही."

ख्यालमीरने चहा आणला आणि माझ्या अधांतरी पायाखाली चपटा दगड सरकवला. माफी त्याच्या तोंडून निघाली नाही. म्हाताऱ्याने चहा घेतला, भेंडोळी उचलली आणि म्हणाला, "सैल झाली की येईन."

तो पुन्हा आला नाही. आमच्यावर रुसला, की भुंग्याने त्याला वाटेत गाठलं, कोण जाणे. हुजरा कुणी पुन्हा बांधला नाही. जनाज्यालाही, म्हणजे मयतीलाही, लोक गर्दी दिसू नये म्हणून पांगून चालतात. अदे आता माझ्यावर एकटी बसते. तिची नजर वाटेवर असते आणि मधूनच वर जाते.

मित्रांनो, बसा आता. तो दगड तेवढा हलवू नका. आणि खांद्यावर दोरीची भेंडोळी टाकलेला म्हातारा तुमच्या दाराशी आला, तर आधी त्याचे खिसे चाचपू नका. त्याला बसवा, चहा द्या. आणि मग सांगा, अदेची बाज कधीचीच सैल झाली आहे.