चुन्याची रेघ

शर्यतीच्या धावेला दोर कमी पडला. मांडवापुढे पाहुण्यांसाठी तो दुहेरी बांधला आणि वळणावर, जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे चुन्याची रेघ ओढून मंडळाच्या पोरांनी हात झटकले. त्या रेघेवर माणसं आवरायला केरबाला उभं केलं. त्याने झेंडा मागितला, तर म्हणाले, झेंडा एकच आहे, तो शर्यत सोडायला लागतो.

कराडच्या त्या माळावर आजवर बैलगाड्याच पळाल्या होत्या आणि वळण कायम केरबाचं. गाडी जवळ आली की तो डोईचा लाल पटका सोडून गरगरा फिरवायचा आणि त्याचा भाचा लालासाहेब बैलांना आणखी ताणायचा. बहात्तरचा दुष्काळ बैल घेऊन गेला. आज लालासाहेब फटफटीवर बसला होता.

केरबाला सकाळपासून भलतंच वाटत होतं. सरावाला एक फटफटी घसरून रेघ ओलांडून थेट माणसांच्या बाजूला आली होती. बैल माणूस बघून अंग चोरतो; यंत्राला कुठले डोळे? वळणावर पाचटाचे भारे रचा, असं त्याने मंडळाच्या अध्यक्षाला, बाळासोला, सांगून पाहिलं. बाळासो हसला. तुम्ही असताना भारे कशाला, म्हणाला. मेल्याने स्तुतीवर भागवलं आणि केरबाही फुगला, खोटं कशाला बोला.

शर्यत सुटली. फटफट्या धुरळा उडवत वळणावरून गेल्या आणि व्हायचं तेच झालं. बैलगाड्या वळणावरून एकदाच जायच्या; त्या पुढे गेल्या की मागे धावेवर उतरायचं, निकालाकडे पळायचं, ही माणसांची जन्माची सवय. पायांखाली रेघ पुसली गेली. सगळ्यांत पुढे केरबाचा जोडीदार तात्याबा.

केरबाने त्याचा दंड धरला. "माघारी फिर. त्या अजून चार येढं घालणार हायत्या."

"गेल्या की, गड्या," दंड सोडवत तात्याबा म्हणाला. "गेलेली गाडी कवा माघारी आलीया?"

तेवढ्यात घरघर ऐकू आली. धुरळ्यातून सगळ्यांच्या पुढे लालासाहेब येत होता. त्या आवाजात हाक कुठली पोचायला? थांब म्हणायला हातात काहीच नव्हतं. त्याने डोईचा पटका सोडला आणि जिवाच्या आकांताने फिरवला.

लालासाहेबाने तो पाहिला. मान खाली घातली आणि मूठ पिळली.

माणसं पांगली. तात्याबाला वळायलाही वेळ मिळाला नाही. जीपमध्ये घालताना त्याच्यात काही उरलं नव्हतं. लालासाहेब मोडका हात धरून धुळीत बसला होता. "मामा, पटका फिरीवला न्हवं तुमी?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "मला वाटलं, सोड म्हंताय."

हवालदार आला. पोराने मस्तीत गाडी माणसांत घातली, मंडळ काय करणार, असं बाळासो सांगू लागला. केरबा मध्ये येऊन उभा राहिला.

"त्येचा गुन्हा न्हाई, सायब. म्या हाण म्हनलं, त्यानं हाणली."

चौकीत जाण्याआधी त्याने एकच मागणं केलं. तात्याबाच्या घरी मीच सांगतो, म्हणाला.

तात्याबाची बायको धोंडुबाई दारात जोंधळे निवडत होती. "या भावजी," ती म्हणाली, "कोन आलं पयलं?"

केरबा उंबऱ्याबाहेरच टेकला. उन्हाने दमला असेल म्हणून ती पाणी आणायला आत गेली.