ओलं म्हणजे काय

यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही, हे मला आधीच ठाऊक आहे. पण आमच्या सोसायटीच्या खतावर एकदा वांग्याला दाढी फुटली होती.

इस्त्रीवाल्याचा हात थांबला. "दाढी? वांग्याला?"

"चांगली हनुवटीभर. कोपऱ्यावरच्या सलूनमधले केस मावशी खड्ड्यात घालायची ना, त्याचा गुण. शेवटी न्हावी स्वतः येऊन उतरवून गेला."

"आजोबा, माझ्या हातून शर्ट जळेल. आवरा आता."

आवरणं माझ्या रक्तात नाही. त्यात इस्त्रीचे कपडे न्यायला आलेला नवा भाडेकरू समोर उभा. ताजा श्रोता रोज मिळत नाही. त्यानं विचारलंच, "कोण मावशी?"

खतमावशी. इमारतीमागे विटांचा चौकोनी खड्डा होता, तो तिचा. सगळ्या घरांतली सालं, देठं, तळमजल्यावरच्या खानावळीतलं खरकटं, सुताराकडचा भुसा, सलूनमधले केस, सगळं ती पोटच्या पोरासारखं त्या खड्ड्याला भरवायची, आणि काही महिन्यांनी काळंभोर खत काढून आम्हालाच कुंड्यांसाठी वाटायची. पोरं तिला मुद्दाम 'खतम मावशी' म्हणायची. ती फावडं उगारायची, "मी अजून जिवंत आहे रे मेल्यांनो!" खड्ड्याला लागून पंपाची खोली. तिथे ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई राहायच्या. काम होतं म्हणून खोली होती.

मग नवे सेक्रेटरी आले आणि त्यांच्यामागोमाग बातमी आली. कुणीतरी वासाची तक्रार केली होती. नगरपालिकेच्या बाई येऊन खड्डा बघणार, वास आला तर खड्डा बुजणार आणि कचरा रोज गाडीने बाहेर जाणार. म्हणजे मावशीच्या पोटावर पाय, आणि खोलीलाही कुलूप. तेव्हापासून मावशी दर तासाला खड्ड्यावर वाकून हुंगायची. जेवतानाही घास तोंडाशी नेऊन आधी हुंगायची, इतकं नाक चाळवलं होतं तिचं.

सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावली: ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, चुकणाऱ्याचं नाव फळ्यावर.

आता मला सांगा, नाव फळ्यावर लागायच्या भीतीनं माणूस काय करणार? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दुधीची सालं चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. कडकडीत वाळल्यावर निळ्या डब्यात टाकली. "सुका आहे, हात लावून बघा," म्हणाल्या. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हेडक्लार्कसाहेबांकडे नवा फ्रिज आलेला. त्याचे पुठ्ठे, थर्माकोल, प्लास्टिकच्या पट्ट्या. निळा डबा तर काकूंच्या सालांनी ओसंडून गेलेला. माणूस शिस्तीचा. त्यानं सगळं बादलीत बुडवून चिंब केलं आणि हिरव्या डब्यात टाकलं.

तपासणीच्या सकाळी मावशीनं हिरवा डबा उघडला आणि तिचा चेहरा पडला.

"साहेब, हे ओलं नाही."

सेक्रेटरींनी एक पुठ्ठा उचलून पिळला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. "हे ओलं नाही? मग काय घाम आलाय त्याला?"

"तसं ओलं नाही हो. ओलं म्हणजे... कुजणारं."

"नोटिशीत कुजणारं लिहिलंय का? ओलं लिहिलंय. दुपारी बाई येणार, डबे रिकामे दिसले पाहिजेत. ओत."

"साहेब, पाणी मुरलं तर खड्डा बिघडेल."

"तुला ओतायचं नसेल तर तसं सांग."

खोलीतून आईचा आवाज आला, "आल्या का गं त्या?"

मावशीनं एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा सेक्रेटरींकडे. मग डबा ओतला.

सेक्रेटरींची पाठ वळताच ती उपसायला बसली. पण पाणी खाली उतरलं होतं. चिकट पुठ्ठा ओढला की त्याच्याबरोबर अर्धकच्चा थर उचकटून वर यायचा, आणि पोटात दडलेला वास मोकळा व्हायचा. जितकं साफ करावं तितकी घाण. असा वास सुटला म्हणून सांगू, आमच्या दिवाणखान्यातल्या घड्याळानं दोन्ही काटे उचलून वर नाकाशी धरले. बघतो तर बारा वाजलेले!

भाडेकरू हसला. इस्त्रीवाला हसला नाही.

सुतार भुशाची दोन पोती घेऊन धावला. खानावळवाल्यानं फावडं घेतलं. मावशी मात्र हातानंच उपसत होती. थर्माकोलचे पांढरे दाणे ओल्या मातीत विखुरले होते, ते ती एकेक करून वेचत होती, आणि बोटं चिखलानं इतकी बुळबुळीत झाली होती की चिमटीत आलेला दाणा परत सुटायचा.

"निघाल्या बाई!" सेक्रेटरी फोन कानाला लावून ओरडले.

"आल्या का गं?" आतून आई.

"नाही गं. पड तू."

"पुलावर आल्या!"

"मावशी, राहू दे ते दाणे, भुसा पसर," सुतार म्हणाला.

"थोडेच राहिलेत."

"अगं, दाण्यांना कुठं वास असतो?"

"खड्ड्यात नको ते," ती म्हणाली आणि वेचतच राहिली.

"फाटकाशी आल्या!"

मावशी उठली. हात कुठं पुसावेत तिला कळेना. पदराला पुसायला गेली, थांबली, आणि तसेच पाठीमागे बांधून उभी राहिली.

बाई आल्या. नाकाला रुमाल. खड्ड्यावर वाकल्या.

"मग?" भाडेकरूनं विचारलं. घडी घातलेला शर्ट इस्त्रीवाल्यानं परत उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

"मग काय!" मी म्हणालो. "बाईंनी रुमाल बाजूला केला, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, 'असा वास मी आजवर कुठं घेतला नाही.'"

"अरे वा!"

"शब्दन् शब्द सांगतोय. सेक्रेटरींचा आ तसाच वासलेला. त्याच आठवड्यात मावशीला नगरपालिकेनं बोलावून घेतलं. हल्ली नगरपालिकेच्या गाडीतून फिरते ती. भलीमोठी गाडी! चालवायला ड्रायव्हर वेगळा. गाडी गल्लीत शिरली की आधी गाणं वाजतं, आणि बायाबापड्या हातातलं काम टाकून धावत फाटकाशी येतात."

"काय सांगता! आणि आई?"

"आईला काय कमी? लेक साहेबीण झालेली..."

"बाबा, पुरे." मागे सूनबाई उभी होती, हातात रिकामी बादली. केव्हा आली होती कोण जाणे. "किती खोटं बोलाल? कचऱ्याची गाडी आहे ती. मागच्या पायरीवर दांडा धरून उभी असते मावशी. काल मी बादली पुढं केली तर घेईना. म्हणाली, सालं वेगळी काढून आण. मी म्हटलं, अहो मावशी, आत तर सगळं एकत्रच पडतंय. तर म्हणाली, ते गाडीत. माझ्या हातात वेगळं दे."