कोटवाला मॅनेजर

"मान हलवू नका हो, कापेल," सलूनवाला म्हणाला. पण तोवर पंपवाल्यांनी मान हलवली होती आणि हनुवटीखाली थोडं कापलंही होतं. तुरटीचा खडा फिरवतानाही सलूनवाल्याचं लक्ष मागच्या बाकाकडेच होतं. तिथे वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तीन डोकी एकत्र आली होती. पानावर एक फोटो होता, फोटोखाली 'हाच का नवा मॅनेजर?' असं छापलं होतं, आणि फोटोतला कोट पंपवाल्यांचा होता.

कोटात पंपवालेही होते. ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गावच्या फुटबॉल क्लबचा आधीचा मॅनेजर सलग पाच सामने हरून गेला, त्याला दोन आठवडे झाले होते. दोन वर्षांतला हा तिसरा. तेव्हापासून या सलूनमध्ये दाढी हा जोडधंदा झाला होता. मुख्य काम म्हणजे नवा कोण येणार, ते ठरवणं. त्यासाठी निवृत्त मास्तर, विमावाला आणि पोस्टमन असं तिघांचं मंडळ सकाळीच बाकावर बसायचं. तिघांपैकी कुणीही शाळा सुटल्यानंतर चेंडूला पाय लावलेला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायला उंटही लागत नाही, बाक पुरतो.

"करार झालाय," विमावाला म्हणाला. "सेक्रेटरीचं हसू बघा. पॉलिसी गळ्यात मारली की मी अस्साच हसतो."

"अहो, कसला करार आणि कसलं काय! बँकेचा साहेब असेल कुणीतरी," पोस्टमन म्हणाला. "बाजारात तुरी, आणि तुमचं आपलं सुरू."

"बँकेचा साहेब मैदानात उकिडवा बसून गवत चाचपेल?" मास्तरांनी विमावाल्याचा मोबाइल पोस्टमनच्या नाकासमोर धरला. त्यात दुसरा फोटो होता. "हा बघ. तळहात टेकवलाय. हा माणूस माती ओळखणारा आहे. आणि कोट बघ. एका बटणाला धागा लोंबतोय. ज्याला खेळाची चिंता असते त्याला कोटाची नसते."

पंपवाल्यांनी आरशातून त्या धाग्याकडे पाहिलं. पेपरातला फोटो गेटच्या गजांमधून, लांबून काढलेला होता. अर्धा चेहरा सेक्रेटरीच्या खांद्याआड. सलूनवाल्याने हा चेहरा एकोणीस वर्षं दर तिसऱ्या दिवशी हाताळला होता, पण खुर्चीत मान टाकलेला आणि फेस लावलेला. उभा आणि कोटातला त्याने कधी पाहिलाच नव्हता.

कोट खरा तर मुलीच्या लग्नातला. क्लबात जायच्या आदल्या दिवशी बायकोने तो पेटीतून काढला, कुशीत थोडा सैल केला, ब्रश मारला आणि म्हणाली होती, "कोट घालून आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं." क्लबच्या मैदानाचा पंप आणि त्यावरचे बारा फवारे पंपवाल्यांकडे एकोणीस वर्षं होते. दरवर्षी कागदावर सही व्हायची आणि वर्ष पुढे जायचं. यंदा सहीऐवजी सेक्रेटरीचं बोलावणं आलं होतं.

ते वेळेआधीच पोचले. कोपऱ्यातल्या निशाणापाशी गवत जरा जास्तच हिरवं दिसलं, म्हणून सवयीने उकिडवे बसले आणि तळहात दाबून पाहिला. खाली पाइप झिरपत होता. गेटबाहेर क्लबचे चाहते आठवडाभर तळ ठोकून होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढत होते. त्यात दूधवाल्याचाही निघाला होता. पण दूधवाला कोट घालत नाही.

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. त्याने पंपवाल्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग बातमी दिली. "एकोणीस वर्षांत तुमची एक तक्रार नाही. पण आता गवत, पाणी, दिवे, सगळं एकाच कंपनीकडे द्यायचं ठरलंय."

"कधीपासून?"

"उद्यापासून त्यांची माणसं येतील. पंपाच्या खोलीची किल्ली सवडीने आणून द्या."

"त्यांना पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह बघायला सांगा. गाळ धरतो. मग पाणी उतरून जातं आणि पंप हवा ओढतो."

"सांगतो ना," सेक्रेटरी म्हणाला. तो सांगणार नाही, हे दोघांनाही कळलं. आपण दिलेल्या बातमीसकट माणसाला खोलीतून एकट्याने जाऊ देणं त्याला जड गेलं असावं. तो ऑफिसच्या पायरीपर्यंत सोडायला आला. तिथे त्याने हात पुढे केला. एक अवघड काम उरकलं म्हणून तो हसला. पंपवाल्यांना हसू आलं नाही. नेमका तेव्हाच गेटबाहेरून कुणीतरी फोटो काढला.

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाले?" असं विचारता विचारता तिने त्यांच्या खांद्यावरचं कसलंसं कुसळ झटकलं. ती झटकत असताना कोटाचा काही उपयोग झाला नाही, हे सांगणं त्यांना जमेना.

"नवा मॅनेजर आला की ठरवू म्हणाले."

"मॅनेजरचा आणि पंपाचा काय संबंध?"

"मैदान त्याचंच ना शेवटी," पंपवाले म्हणाले, आणि आयुष्यातली पहिली नीट रचलेली थाप पचली.

म्हणून आता, तुरटी झोंबत असताना, क्लबला मॅनेजर मिळू नये असं मनापासून वाटणारा त्या सलूनमध्ये एकच माणूस होता.

"अहो पंपवाले," मास्तर एकदम म्हणाले, "तुम्ही तर आत जाता. तुम्ही बघितलाय का याला?"

चारही माणसं त्यांच्याकडे वळली. एकोणीस वर्षांत या सलूनमध्ये त्यांना कुणी फुटबॉलचं काही विचारलं नव्हतं. मिशी केवढी ठेवायची, एवढंच विचारलं होतं. खरं सांगून मोकळं व्हायला हीच वेळ होती. सगळे हसले असते, आठवडाभर थट्टा झाली असती, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचली असती.

"बघितलाय," ते म्हणाले.

सलूनवाल्याचा वस्तरा हवेत थांबला. "कसा आहे?"

"फारसं बोलत नाही."

"मी म्हटलं नव्हतं!" मास्तर म्हणाले.

"कोपऱ्यात खालून पाणी झिरपतंय, ते बघितलं त्याने. दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं."

"आपले बचाववाले त्याच कोपऱ्यात घसरतात!" विमावाला ओरडला. "त्याच! मागच्या मोसमात दोन गोल तिथूनच खाल्ले!"

पंपवाल्यांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. सलूनवाल्याने त्या दिवशी न सांगता त्यांचं डोकं चेपून दिलं. त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मग लाज वाटली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे नवा यायच्या आधीच नऊ दिवस झाले. रोज सकाळी ते पान्यांची पिशवी आणि डबा घेऊन निघत आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत. तिथे पंखा होता आणि सगळी वर्तमानपत्रं होती. पूर्वी पंपाभोवतीचं तेल पुसायला ते तीच वापरत. आता खेळाचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागले. कोटवाल्याबद्दल रोज काहीतरी नवीन असे. तो परदेशात होता. तो परदेशात नव्हता, आजारी होता. त्याने म्हणे एका बुडत्या क्लबला वर काढलं होतं आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पंपवाल्यांना हा माणूस हळूहळू आवडू लागला.

दुपारी कधीकधी वाचनालयातले म्हातारे झोपले, की त्यांना पंप आठवे. त्या वेळी तो तापायचा. बेअरिंगवर हात ठेवून किती तापलाय ते बघायला लागायचं. नव्या लोकांनी हात ठेवला असेल का, हा विचार आला की ते उठून पाणी पिऊन येत.

संध्याकाळी बायको विचारी, "ठरलं का?"

"अजून नाही."

"कोण येईल असं वाटतंय?"

एका बाजूला किती खेळाडू असतात, हे जिला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं, ती आता भाजी निवडता निवडता एकेक विचारू लागली. आणि पंपवाले सांगू लागले. सलूनमध्ये मास्तर काय म्हणाले, विमावाल्याने कशी पैज लावली, पोस्टमनसुद्धा कसा फिरला आणि आता कोटवाल्याविरुद्ध कुणी बोललं तर कसा अंगावर जातो. पोस्टमनची नक्कलही त्यांनी एकदा करून दाखवली. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं.

दहाव्या दिवशी सलूनमध्ये विमावाल्याच्या मोबाइलवर बातमी आली. नवा मॅनेजर ठरला. तो भलताच कुणीतरी निघाला; तरुण, उंच, केस मागे वळवलेला. त्याचं नाव तिघांपैकी एकानेही घेतलं नव्हतं.

मग मास्तरांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. दगडापेक्षा वीट मऊ."

"कोटवाला आला असता, तर गोष्ट वेगळी होती," विमावाला म्हणाला.

"त्यानेच नाही म्हटलं असणार," पोस्टमन म्हणाला. "मानी माणूस दिसत होता. यांचं वागणं बघून उठून गेला असेल. काय पंपवाले?"

"तसंच काहीतरी झालं असेल," पंपवाले म्हणाले. खुर्ची रिकामी होती, पण ते दाढी न करताच उठले.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. तिने पाय थांबवला, मान वर केली नाही.

"आला म्हणे नवा. शेजारच्या वहिनी सांगत होत्या."

"हो."

"मग तुमचंही ठरलं असेल."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. आतले पाने एकमेकांवर आपटले. "ते त्याच दिवशी ठरलं होतं," ते म्हणाले. "काम गेलं. कंपनीला दिलं."

बायको उठली. यंत्राच्या खणात, बॉबिनच्या डब्याखालून तिने घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. तोच फोटो होता.

"मला पहिल्याच दिवशी कळलं."

"कोटावरून?"

"कोटावरून कशाला? सगळा भार उजव्या पायावर टाकून, डावा गुडघा वाचवत दुसरं कोण उभं राहतं? आणि तोंड बघा तुमचं. काम मिळालेल्या माणसाचं तोंड असं असतं का?"

त्यांनी पाहिलं. नऊ दिवस हा फोटो ते रोज पाहत होते, पण तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. अर्धंच दिसत होतं. तेवढं पुरेसं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

ती पुन्हा यंत्रावर बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. तो एकदा चुकला.

"तुम्ही रोज घरी येऊन त्या माणसाच्या गोष्टी सांगत होता," ती म्हणाली. "एरवी कुठे बोलता एवढं? म्हटलं, येईल तो मॅनेजर त्याला यायचं तेव्हा. मला काय घाई आहे?"

पंपवाले तिच्याजवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी दोरा तिच्या हातातून घेतला आणि ओवून दिला.

दुसऱ्या दिवशी ते किल्ली द्यायला निघाले. बायकोने विचारलं, "कोट काढू?"

"नको. कोटाला लोक ओळखतात आता."

ती हसली, तेही हसले. नेहमीचा, बाहीला तेलाचे डाग पडलेला शर्ट घालून ते गेले.

गेटसमोर ही गर्दी होती. नवा मॅनेजर पहिल्यांदाच मैदानावर येणार होता. मास्तर आणि विमावाला पुढेच, गजांना धरून उभे होते. त्यांच्या गळ्यात क्लबच्या रंगाचे पट्टे होते. पंपवाल्यांनी वॉचमनच्या हातात किल्ली ठेवली. किल्लीच्या कडीला तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, अंधारात हाताला लागावं म्हणून त्यांनीच कधीतरी गुंडाळलेलं. ते काढून घ्यावं असं क्षणभर मनात आलं; मग राहू दिलं. सही करायला वॉचमनने वही पुढे केली.

तेवढ्यात गाडी आली. गर्दी एकदम पुढे सरकली, हात वर झाले, मोबाइल वर झाले.

"ओ काका, जरा बाजूला व्हा ना," मागून कुणीतरी म्हणालं. "फोटोत येताय."

पंपवाले बाजूला झाले. गाडी आत गेली, टाळ्या झाल्या, मास्तर काहीतरी ओरडले. भिंतीला लागून चालत ते कोपऱ्यापर्यंत आले, तेव्हा पलीकडे पंप सुरू झाल्याचा आवाज आला. कोरडा आवाज. हवा ओढत होता. ते थांबले. पंप बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, पुन्हा तसाच.

"वरून पाणी भरा," पंपवाले भिंतीला म्हणाले. "आधी पाणी भरा त्यात."

बराच वेळ काही झालं नाही. मग तिसऱ्यांदा मोटर चालू झाली, जराशी घरघरली, आणि आवाज जड झाला. पंपाने पाणी उचललं होतं. भिंतीपलीकडे फवारे एकामागून एक सुरू झाले. त्यांनी ते मोजले, बारावा लागेपर्यंत उभे राहिले, आणि मग घरी निघाले.